टेकू काढण्याआधी

पूल पूर्ण झाला की त्याचे फोटो निघतात. फीत कापली जाते, पहिली गाडी जाते, वर्तमानपत्रात बातमी येते. पण तो पूल कच्चा असताना ज्या लोखंडी पाइपांच्या जंगलावर भार टाकून पडलेला होता, ते जंगल तोवर ट्रकमध्ये भरून दुसऱ्या गावी गेलेले असते. त्याचा फोटो कुणी जपून ठेवत नाही. ताजमहालाच्या घुमटाभोवती म्हणे विटांची परांची होती, आणि ती उतरवायला वर्षे लागतील असे कळल्यावर शहाजहानने फर्मान काढले की जो जितक्या विटा काढील तितक्या त्याच्या. रातोरात परांची गायब. ही दंतकथा आहे, इतिहासात तिला आधार नाही. पण लोकांनी ती रचली, यातून एक गोष्ट दिसते. ताज पाहणाऱ्या कुणाला तरी कधी तरी प्रश्न पडला होता की, हा घुमट पूर्ण होईपर्यंत कशावर उभा होता?

बांधकामाच्या धंद्यात या साऱ्याला ‘टेम्पररी वर्क्स’ म्हणतात. स्लॅबखालचे सेंटरिंग, भिंतीची शटरिंग, रंगाऱ्याची परांची, पाया खोदताना मातीचे कडे धरून ठेवणारे पत्रे, नदीत पाणी अडवून केलेला कोरडा खड्डा, गर्डर पुढे सरकवणारी अवाढव्य लोखंडी घोडी, हे सगळे त्यात आले. मुंबईत मेट्रो-३ ची भुयारी स्थानके खोदली जात असताना काही ठिकाणी लोक खाली खड्डा आणि वर लोखंडी फळ्यांचा रस्ता अशा अवस्थेत रोज येत-जात होते. त्या फळ्याही टेम्पररीच. त्यांच्यावरून बस गेली आणि कुणाला काही वाटले नाही, म्हणजे कुणीतरी हिशेब बरोबर केला होता.

हा हिशेब करणाऱ्या माणसाला वेगळे नाव आहे, वेगळा विभाग आहे, हे इंजिनिअरिंग कॉलेजातल्या बहुतेक मुलांना शेवटच्या वर्षापर्यंत माहीत नसते. अभ्यासक्रमात बीम, कॉलम, पाया शिकवतात ते कायमचे. जे उतरवायचे आहे त्याला एखादा धडा मिळाला तर मिळाला. खेडजवळच्या एका गावातून मुंबईत आलेल्या, सिव्हिलची पदवी घेतलेल्या मुलीलाही ते माहीत नव्हते. तिचे वडील सतरा वर्षे कुवेतला शटरिंग सुतार होते. घरात ‘प्लाय’, ‘टाय रॉड’, ‘वॉलर’ हे शब्द डाळ-तांदळासारखे वापरात होते. पण त्या कामाला डिझाइन असते, आणि ते आपण करू, असे तिच्या मनात कधी आले नव्हते.

१९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात आधी फक्त कारागीर होते. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी आणि पदविकाधारक इंजिनिअरही त्यात आले. एका वर्षाचे शिक्षण, आणि विद्यावेतन. २०१९ च्या नियमांत पदवीधरासाठी ते किमान ९ हजार रुपये महिना ठरले. मुंबईत ९ हजारांत खाट मिळते, खोली नाही. तरीही ती रुजू झाली, कारण कॅम्पसमध्ये आलेल्या दुसऱ्या नोकरीत विम्याच्या पॉलिसी विकायच्या होत्या.

पहिल्या आठवड्यात साहेबांनी तिला संगणकाजवळ बसू दिले नाही. व्हर्नियर कॅलिपर हातात देऊन यार्डात पाठवले. यार्ड म्हणजे गंजलेल्या पाइपांचे डोंगर. कामगार त्यांना चाळीसचा पाइप म्हणतात, बाहेरून मोजला तर तो ४८.३ मिलिमीटर भरतो. नवा पाइप ४ मिलिमीटर जाडीचा असतो. तिने दिवसभर मोजले तर कुठे ३.६, कुठे ३.२. संध्याकाळी साहेबांनी विचारले, “३.२ म्हणजे किती लोखंड कमी?” तिने कागदावर मांडले. जवळपास पाचवा हिस्सा. “कॅटलॉगमध्ये जो भार लिहिलाय तो नव्या पाइपाचा आहे. साइटवर जाणार आहे तो हा.” एवढेच बोलून ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी तिने वाकलेले पाइप वेगळे काढायला सुरुवात केली. यार्डाच्या मुकादमाला ते आवडले नाही. वाकलेल्या पाइपाचेही भाडे मिळते.

पाइप का वाकतो, हे पुस्तकात सुरेख लिहिलेले आहे. अठराव्या शतकात ऑयलर नावाच्या गणितज्ञाने ते मांडून ठेवले. बारीक, उंच खांब चिरडून मोडत नाही, तो बाजूला फुगतो. आणि त्याची ताकद उंचीच्या वर्गाने घटते. एक मीटरवर आडव्या पाइपाने बांधलेला पाय जेवढा भार घेईल, तोच पाय दोन मीटर मोकळा सोडला तर त्याची फुगण्याविरुद्धची ताकद चौथ्या हिश्श्यावर येते. पाइप तोच, लोखंड तेच. फक्त मधला आडवा गेला. साइटवर हाच आडवा पाइप सगळ्यात आधी जातो, कारण तो चालणाऱ्याच्या डोक्याला लागतो, ढकलगाडीच्या आड येतो. कुणीतरी हातोड्याने तो सोडवतो आणि म्हणतो, जाऊन येतो नि परत लावतो.

शिकाऊ मुलांना आकडे येतात. आकड्यामागे काय उभे आहे ते यायला वेळ लागतो. २०० मिलिमीटर जाडीच्या स्लॅबचे वजन चौरस मीटरला ५०० किलो. त्यावर माणसे, पंपाचा पाइप, एका जागी ओतला गेलेला मालाचा ढीग. हे सगळे सरळ खाली जाते, म्हणून त्याची भीती वाटत नाही. भीती वाटायला हवी ती आडव्या जोराची. सेंटरिंग कधीच पूर्ण ओळंब्यात नसते, माल ओतताना धक्के बसतात, वारा असतो. ब्रिटिशांच्या बीएस ५९७५ या संहितेत त्यासाठी एक साधा नियम आहे. उभ्या भाराच्या किमान अडीच टक्के भार आडवा धरा. १०० घनमीटर काँक्रीट म्हणजे सुमारे २५० टन. त्याचे अडीच टक्के म्हणजे सव्वासहा टन. सव्वासहा टनांचा हत्ती त्या पाइपांच्या जंगलाला बाजूने टेकून उभा आहे, असे समजून तिरके पाइप लावायचे. आपल्याकडे काँक्रीटच्या सेंटरिंगसाठी आयएस १४६८७ ही १९९९ ची मार्गदर्शक संहिता आहे, रस्त्यांवरच्या पुलांसाठी आयआरसी ८७ आहे. तिच्या टेबलावर तिन्हींच्या झेरॉक्स होत्या, आणि त्यांवर चहाचे डाग आधीच्या शिकाऊंचे.

जमिनीचे गणित तर याहून सोपे आणि याहून दुर्लक्षित. एका पायावर दीड टन आला, आणि खालची लोखंडी प्लेट दीडशे बाय दीडशे मिलिमीटरची असली, तर मातीवर चौरस मीटरला ६० टनांहून जास्त दाब पडतो. नुकत्याच भरलेल्या मातीचा दहा टनांचाही भरवसा नसतो. म्हणून खाली लाकडी ओंडके, नाहीतर काँक्रीटची पट्टी. रात्रीत टँकरचे पाणी सांडले आणि ओंडक्याखालची माती पोकळ झाली, तर वरचा सगळा हिशेब कागदावरच राहतो. तिच्या साहेबांना साइटवर गेल्यावर आधी वर पाहायची सवय नव्हती. ते आधी खाली वाकत.

त्या ब्रिटिश संहितेला जन्म देणारा अपघात २४ ऑक्टोबर १९७२ चा. इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ लॉडन नदीवरच्या पुलाचे काँक्रीट ओतले जात असताना खालचे सेंटरिंग कोसळले आणि तीन कामगार गेले. सरकारने स्टीफन ब्रॅग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हे ब्रॅग पूल बांधणारे नव्हते, विमानांच्या इंजिनांच्या क्षेत्रातले होते. पंचविसाव्या वर्षी नोबेल मिळवणारे लॉरेन्स ब्रॅग त्यांचे वडील. बाहेरच्या माणसाला कधीकधी आतल्यांपेक्षा स्वच्छ दिसते. १९७५ च्या अंतिम अहवालाचा भर गणितापेक्षा जबाबदारीवर होता. डिझाइन एकाचे, पाइप दुसऱ्याचे, उभारणी तिसऱ्याची, आणि हे तिघे एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून प्रत्येक कामावर टेम्पररी वर्क्सचा एक समन्वयक हवा, त्याच्या परवानगीशिवाय माल ओतायचा नाही आणि त्याच्या परवानगीशिवाय टेकू काढायचा नाही. १९८२ मध्ये बीएस ५९७५ आली ती याच विचारातून. आज मुंबई-पुण्याच्या कार्यालयांत बसून आखाती देशांतल्या, इंग्लंडमधल्या कामांची ड्रॉइंग करणारी मराठी मुले ही पद्धत पाळतात. तीच मुले इथल्या कामावर गेली की त्यांना ‘समन्वयक कोण?’ या प्रश्नाला कधी उत्तर मिळते, कधी हसू मिळते.

आपल्याकडे लॉडन नाही झाला असे नाही. २०२३ च्या १ ऑगस्टला, मध्यरात्र उलटल्यावर, समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ सरळांबे इथे गर्डर बसवणारी यंत्रणा कोसळली. वीस माणसे गेली. त्याच महिन्याच्या २३ तारखेला मिझोराममध्ये सायरांगजवळ रेल्वे पुलावर गर्डर सरकवण्याची गॅन्ट्री उंचावरून खाली आली. तिथे वीसहून जास्त मजूर गेले. ते पश्चिम बंगालच्या मालदा जिल्ह्यातले होते. दोन्ही ठिकाणी पडले ते लोकांच्या वापरात येणारे बांधकाम नव्हते, ते उभारण्याचे साधन होते. समृद्धीचा तो टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, सायरांगची रेल्वे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. दोन्हीकडे आता गाड्या धावतात.

शिकाऊ मुलीच्या साइटवरची सेंटरिंगची टोळीही मालदाचीच होती. चाळीस माणसे. त्यांचे मिस्त्री साठीकडे झुकलेले, सगळे त्यांना चाचा म्हणत, तीही म्हणे. मालदाच्या माणसाला सायरांग समजावून सांगावे लागत नाही.

काम नवी मुंबईतले, एका वाहनतळाच्या इमारतीचे. खालचा मजला सात मीटर उंच, वर चार-चार मीटरवर बीम, प्रत्येक बीमचा गाळा नऊ मीटरचा. स्लॅब भरण्याची तारीख पुढे-पुढे जात दहाव्या रोजाच्या रात्रीवर येऊन ठेपली. मोठे स्लॅब शहरात रात्रीच भरतात, दिवसा मिक्सरच्या गाड्यांना रस्ता मिळत नाही आणि उन्हात माल लवकर आळतो. तरावीहनंतर, अकराच्या सुमारास पंप सुरू झाला. शंभर घनमीटर म्हणजे सहाच्या हिशेबाने सतरा गाड्या.

भरणी चालू असताना सेंटरिंगच्या खाली कुणी जायचे नाही हा नियम. पण नजर तर ठेवायला हवी. तिने बीमच्या तळाला दोऱ्याने ओळंबे सोडले होते आणि बाहेर उभे राहून दुर्बिणीतून त्यांच्या टोकाखालच्या खुणा पाहायच्या होत्या. खूण दोन मिलिमीटर सरकली तर कळवायचे, पाच सरकली तर पंप बंद. पहाटे साडेतीनच्या सुमारास चौदावी गाडी रिकामी होत असताना सहरची वेळ झाली. पंप थांबवता येत नव्हता. आधीचा थर आळला आणि मग नवा पडला, तर मध्ये सांधा राहतो, आणि तो सांधा आयुष्यभर राहतो. म्हणून दहा-दहाच्या पाळ्या लागल्या. दहा जण खाली येऊन डाळ-भात, उकडलेली अंडी, चहा असे घाईघाईने उरकून वर, मग पुढचे दहा. व्हायब्रेटर धरणारा बिहारचा एक हिंदू मुलगा तीन पाळ्या वरच थांबला. चाचांनी त्याचे ताट झाकून ठेवले. तिने दुर्बीण न सोडता दोन खजूर खाल्ले. पाच वाजायच्या आत शेवटची गाडी रिकामी झाली. ओळंबे सर्वांत जास्त हलले ते एक मिलिमीटर.

खरा प्रश्न भरणीचा नव्हताच. तो बाराव्या दिवशी आला, जसा तो दरवर्षी ईदच्या तोंडावर कुठल्या ना कुठल्या साइटवर येतो.

सेंटरिंगचा दर चौरस मीटरवर असतो, आणि त्या दरात लावणे आणि खोलणे दोन्ही धरलेले असते. खोलल्याशिवाय माप नाही, मापाशिवाय पूर्ण बिल नाही. टोळीला पंचविसाव्या रोजाला गाडी पकडायची होती. हावड्याला उतरून पुढे आणखी गाडी. घरी कपडे घेऊन जायचे, उधारी फेडायची, फितरा काढायचा. चाचा ड्रॉइंगच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. “मॅडम, चौबीस को खोल दें तो सबका हिसाब हो जाएगा.” ठेकेदारालाही तेच हवे होते. पाइपांचे भाडे रोज चढत होते.

आयएस ४५६ मध्ये ही दिवसांची यादी आहे आणि ती प्रत्येक शिकाऊला पाठ असते. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या स्लॅबचे १४ दिवस. सहा मीटरपर्यंतच्या बीमचे टेकू १४ दिवस, त्याहून मोठ्या बीमचे २१ दिवस. शिवाय हे आकडे साध्या सिमेंटचे, आणि हवा फार थंड नसेल तेव्हाचे. हल्ली मालात राख आणि स्लॅग मिसळलेली असते. ती चांगली असते, पण तिला ताकद यायला आपला वेळ लागतो. इथे बीम नऊ मीटरचे. भरणी अकराव्या रोजाच्या पहाटे. एकवीस दिवस मोजले तर ईद उलटून जाते. चाँद एकोणतीसला दिसला तर ईदच्या तिसऱ्या दिवशी, तीसला दिसला तर बासी ईदला. चाँदच्या बाबतीत एका दिवसाचा फरक पडू शकतो. काँक्रीटच्या तारखेला ती सूट नव्हती.

‘नाही’ म्हणणे सोपे होते, आणि नियमाने बरोबरही. साहेबांनी तेच अपेक्षिले असावे. पण तिने दुसरा प्रश्न विचारला. स्लॅबचे गाळे चार मीटरचेच आहेत. त्यांचे सात दिवस कधीच झाले. मापातला मोठा हिस्सा स्लॅबचाच. मग फक्त स्लॅबखालचे खोलले आणि बीमखालचे पाय ठेवले तर?

ठेकेदाराचा सुपरवायझर खूश झाला. तो लगेच माणसे लावायला निघाला. तिने त्याला थांबवले आणि साहेबांकडे एक दिवस मागून घेतला.

त्या एका दिवसात तिला दोन गोष्टी सापडल्या. पहिली भाराची. स्लॅबखाली पाय असतात तोवर स्लॅबचे वजन त्या पायांवर असते आणि बीमखालचे पाय फक्त बीमचे वजन घेतात, मीटरला साधारण एक टन. स्लॅबचे पाय काढले की स्लॅब आपल्या ताकदीने बीमवर जाऊन बसतो. बीमच्या दोन्ही बाजूंनी मिळून मीटरला आणखी पावणेदोन टन. बीम स्वतः अजून कोवळा, म्हणून सुरक्षेसाठी ते सगळे त्याच्या खालच्या पायांवरच धरायचे. म्हणजे काहीही नवे न ठेवता, फक्त शेजारचे टेकू काढल्याने त्या पायांवरचा भार एका टनाचा पावणेतीन टन होतो. काढणे म्हणजे भार कमी करणे, अशी आपली समजूत असते. सेंटरिंगमध्ये एक टेकू काढला की त्याचा भार दुसऱ्या कुणाला तरी घ्यावा लागतो.

तेवढा भार पायांना झेपत होता. दुसरी गोष्ट मात्र तशी नव्हती. बीमचे पाय आणि स्लॅबचे पाय वेगळे नव्हतेच. दर दीड मीटरवरच्या आडव्या पाइपांनी सगळे एकमेकांना बांधलेले होते. बीमच्या पायांच्या जेमतेम दोन रांगा, सात मीटर उंच. त्यांना बाजूने धरून ठेवणारे सगळे आडवे स्लॅबच्या पायांत गुंतलेले. स्लॅबचे जंगल काढले तर बीमखाली उरणार होती ती दोन रांगांची उंच, बारीक, एकटी भिंत. आणि भार पावणेतीन पट. ऑयलरचे पान तिला पुन्हा उघडावे लागले नाही.

तिने ड्रॉइंग काढले. प्रत्येक बीमच्या दोन्ही बाजूंना स्लॅबच्या पायांची एक-एक रांग आडव्यांसकट, तिरक्यांसकट राहील. तिच्या वरचा जॅक सैल करायचा, पाय काढायचा नाही, म्हणजे ती भार घेणार नाही, फक्त धरून ठेवील. मधले सगळे निघेल. राहणाऱ्या पायांना लाल रंग. मापाच्या हिशेबात स्लॅबचा प्लाय सगळा निघत होता, म्हणून बिल अडणार नव्हते. पाइप मात्र वाटले होते त्याहून जास्त अडकून राहणार होते. ठेकेदाराला ते पटले नाही. एका रांगेने काय होते, असे तो म्हणाला. साहेबांनी हिशेब दोनदा तपासला, क्यूबचे निकाल मागवले, मग ठेकेदाराकडे कागद सरकवला आणि म्हणाले, “नको असेल तर लिहून द्या.” लिहून कुणी दिले नाही.

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तीन चौकटी असतात. तयार केले, तपासले, मंजूर. शिकाऊला तपासण्याचा आणि मंजुरीचा अधिकार नसतो, आणि नसावाच. पहिल्या चौकटीत तिची आद्याक्षरे पहिल्यांदाच आली. याआधीच्या चार महिन्यांत तिने केलेल्या ड्रॉइंगांवर दुसऱ्यांची होती.

चाचांना तिने ते कागदावर नाही, साइटवर समजावले. चार माचिसच्या काड्या हातात धरून दाखवायचा विचार होता, पण गरज पडली नाही. चाचा लाल रंग मारलेल्या रांगेपाशी गेले, एका आडव्याला हात लावला आणि म्हणाले, “ये निकालेंगे तो ये अकेला पड़ जाएगा.” मग त्यांनी स्वतःच टोळीतल्या पोरांना सांगितले की लाल पाइपाला हात लावेल त्याला इफ्तारीत भजी नाही. खोलताना क्रम गाळ्याच्या मध्यापासून कडेकडे, एका वेळी जॅकचे थोडेच फेरे. मधून सुरुवात केली की स्लॅब हळूहळू आपल्या आधारांवर बसतो. कडेकडून सुरुवात केली तर मधला शेवटचा टेकू एकटा त्याला पोटात खुपतो, आणि जिथे सळई नाही तिथे वरून चीर जाते. हे चाचांना पुस्तकाशिवाय माहीत होते. तिला पुस्तकातून माहीत होते.

चोविसाव्या रोजाला अस्रच्या आधी मधले सगळे निघाले. माप झाले. पंचविसाव्याला टोळीतले चौतीस जण गेले, सहा जण राहिले. त्यांत तो बिहारचा मुलगा होता, आणि तिकीट न मिळालेले दोघे. जाण्याआधी चाचांनी लाल रांगांभोवती स्वतः सुतळी बांधली आणि तिच्यावर पांढऱ्या पिशव्यांच्या चिंध्या लटकवल्या. रात्री पाइप चोरणारे फळ्या वाचत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते.

ईदला ती घरी गेली. वडिलांनी शिरखुर्म्याचा पेला ठेवून ड्रॉइंगचा फोटो मोबाइलवर मोठा करून पाहिला. इंग्रजी त्यांना फारसे वाचता येत नाही, पण ड्रॉइंग येते. बराच वेळ पाहून त्यांनी विचारले, “जॅक सैल केल्यावर यू-हेडमधून लाकूड काढलं का? नाहीतर स्लॅब थोडा खाली आला की परत टेकेल.” काढले नव्हते. फट ठेवली होती, ती किती ठेवली ते तिने सांगितले. पुरे आहे, म्हणाले. पण पुढच्या वेळी लाकूडच काढायला सांग.

बासी ईदच्या संध्याकाळी ती परतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, एकवीस दिवस पुरे झाल्यावर, राहिलेल्या सहा जणांनी बीमचे जॅक सोडायला घेतले. मध्यापासून कडेकडे. तिने प्रत्येक बीमच्या तळाशी आधी आणि नंतर लेव्हल घेतली. सर्वांत जास्त झुकलेला बीम चार मिलिमीटर. नऊ मीटरच्या बीमला ते हिशेबातले. दुपारपर्यंत पाइप ट्रकमध्ये भरले जात होते. ते पनवेलच्या पुढच्या एका कामावर जायचे होते.

अडीचच्या सुमारास मालद्याहून फोन आला. मागे पोरांचा गलका होता. चाचांनी ईद मुबारक म्हटले नाही, ते आठवले नसावे. त्यांनी एवढेच विचारले, “खुला?”

“खुला, चाचा.”

“कितना आया?”

“चार.”

“चलो,” ते म्हणाले, आणि मग त्यांना ईद आठवली.